खंडेनवमीचं पाणी

इंजिन गार होईपर्यंत बिरप्पाला थांबावंच लागलं. जीव नुसता टांगणीला लागला होता, पण तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की लोखंड तडकतं, हे डॉक्टरांनी त्याला कामावर ठेवलं त्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काल संध्याकाळी एका रोग्याकडे गेलेली फटफटी पहाटे परतली ती काळ्या मातीचा चिखल अंगभर लेवून. बिरप्पा तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि घडीघडी हात लावून बघत राहिला.

त्याची लेक मायाक्का बाळंतपणाला माहेरी आली होती, वळसंगच्या अलीकडच्या वाडीवर. काल दुपारपासून ती अडली होती. बिरप्पाचा धाकटा भाऊ सिदू रातोरात सहा कोस तुडवत आला, सुईणीनं हात टेकल्याचं सांगितलं आणि आल्या पावली परत फिरला. डॉक्टर मुकुंदराव भला माणूस, ऐकताक्षणी यायला तयार झाले. पण आज खंडेनवमी. पूजा झाल्याशिवाय वाहन बाहेर काढलेलं त्यांच्या आईला, यशोदाबाईंना, खपत नसे, आणि रोग्याचं पोट फाडताना न डगमगणारे डॉक्टर आईपुढे शब्द काढत नसत. टांगा बघावा तर सोलापुरातले टांगेवालेही आज घोडी नटवून पूजेला बसलेले. तू धुऊन घे, मी आंघोळ उरकतो, पूजा झाली की तुला मागे बसवून निघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

इंजिन निवलं तसा बिरप्पा उठला. धुराच्या नळीत त्यानं चिंधीचा बोळा कोंबला. हवा ओढायच्या तोंडावर फडकं आवळलं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटचा डबा मेणकापडात गुंडाळून वर सुतळी बांधली. त्या डब्यात थेंब गेला की फटफटी म्हणजे नुसतं भंगार. मग ओल्या फडक्यानं हळूहळू पुसत तिला खालपर्यंत आणलं. लोकर कातरण्याआधी मेंढरू धुवावं, पण कानात पाणी जाऊ देऊ नये, तसं त्याचं काम. लेकीचा जीव या कामाला बांधलाय हे ठाऊक असूनही त्यानं एक आरा चुकवला नाही.

यशोदाबाई सोवळ्यात आल्या. एका हातात तबक, दुसऱ्या हातात कळशी. आल्या आल्या म्हणाल्या, ही चिरगुटं आधी सोड, देवाच्या पूजेला चिंध्या बांधून बसवतात का कुणाला. बिरप्पानं बोळा काढला, फडकं सोडलं, सुतळी सोडून मेणकापड काढलं. मागं सरतो तोच बाईंनी कळशी उचलली. बैठक कातड्याची, त्यात हात याचा लागलेला. शुद्ध केल्याशिवाय कुंकू लावायचं कसं?

"मोठ्या बाई, वरनं पानी नगं," बिरप्पा म्हणाला. "त्या डब्यात गेलं तर ही जाग्यावरनं हालायची न्हाय. माजी पोरगी अडलीया."

"गंगाजळ घातलंय त्यात," बाई शांतपणे म्हणाल्या. "देवाच्या पाण्यानं कधी काही बिघडतं का?"

आणि सबंध कळशी बैठकीवर उपडी केली.

पूजा यथासांग झाली. झेंडूची माळ चढली, नारळ फुटला. डॉक्टरांनी किक मारली. दहा मारल्या, वीस मारल्या. घामाघूम होऊन त्यांनी डबा उघडला तर आतून पाणी निथळलं.

"बिरप्पा, हजारदा सांगितलं होतं तुला."

बिरप्पानं यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या माळेतली फुलं सारखी करत होत्या. त्याचे कान रागानं पेटले. पण आईचं नाव घ्यावं तर डॉक्टर चिडणार, आई डोळ्याला पदर लावणार, आणि त्या रडारडीत आणखी तास जाणार. चुकलं, साहेब, म्हणून तो मोकळा झाला. डॉक्टरांनी डबा पुसून उन्हात ठेवला. सुकला की मागोमाग आलोच, तू हो पुढे, असं ते म्हणाले.

तो चालला कसला, धावतच सुटला. तीन कोसांवर, उन्हं कलताना, समोरून सिदू येताना दिसला. डोईला पटका नव्हता. बिरप्पाला बघताच तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

"पोर?" बिरप्पानं विचारलं.

"दोगंबी गेली, दादा. दुपारपातूर कान लावून हुती पोरगी. फटफटीचा आवाज येतोय का, आसं इचारत हुती."

बिरप्पा भावाच्या शेजारी धुळीत बसून राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग सोलापूरच्या अंगानं फटफट ऐकू आली. माळ हेलकावत डॉक्टर आले, पाय टेकवून थांबले. बंद केली तर पुन्हा सुरू होईल न होईल, म्हणून त्यांनी इंजिन तसंच घुमत ठेवलं आणि त्या आवाजावर ओरडून म्हणाले,

"बघ, डबा सुकला आणि पहिल्या किकला लागली. पुढल्या वेळी धुताना पाण्याचं तेवढं जप. चल, बस लवकर मागे."

बिरप्पा उठला. अंगावरची धूळ त्यानं झटकली नाही.

"बंद करा ती, साहेब," तो म्हणाला. "आता न्हाय लागली तरी चालंल."