आखाजीची कॉफी

एक साधी चक्की निवडता येत नाही म्हणजे काय? माणिकबाईंना सुनेचं हे वागणंच पटत नव्हतं. वर्षाली सकाळी मोबाइल उघडायची, संध्याकाळी मोबाइल उघडायची आणि कॉफीच्या चक्क्या पाहत बसायची. चक्की म्हणायचं नाही, ग्राइंडर म्हणायचं. एवढ्या वेळात एखादं लग्न जुळतं.

जीवन, माणिकबाईंचा एकुलता मुलगा, मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. त्यानं मागवलेलं एस्प्रेसोचं मशीन तेरवी झाल्यावर घरी आलं. अमरावतीच्या त्या घरात चहाशिवाय काही होत नसे. कॉफीचं वेड त्याचं एकट्याचं. मशीन ओट्याच्या कोपऱ्यात बसून राहिलं. मग वर्षालीनं ठरवलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आगारी टाकायची, त्याच्या नावानं निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास द्यायचा, तेव्हा शेजारी त्या मशीनची पहिली कॉफी ठेवायची. माणिकबाईंना ते आवडलं होतं. गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं द्यावं. पण मशीनला दळलेली कॉफी लागते, आणि आखाजी आठवड्यावर आली तरी चक्कीचा पत्ता नव्हता.

"मिक्सरात काढ ना वं. हळद निघते, मिरची निघते, ह्या बिया का सोन्याच्या हायेत?"

"मिक्सरात एकसारखी दळल्या जात नाही, आई. थोडं पीठ, थोड्या कण्या. मंग मशीनचं पाणी भसकन निघून जाते, अन् कॉफी पाणचट होते."

"मंग हे घे." माणिकबाईंनी पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर बसलेल्या दिसत होत्या. जात्यासारख्या.

"ते आवाज फार करते."

"अन् हे?"

"ते गरम होते."

एकात म्हणे जुनी पूड अडकून राहते. एक ओट्यावर मावत नाही. एकाचा रंग मशीनला शोभत नाही. रंग ऐकल्यावर माणिकबाई उठूनच गेल्या. ज्याच्या नावानं ठेवायची तो रंग पाहायला बसला आहे का, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. त्यांनी जन्मात गिळलेली वाक्यं फार नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्षाली न्हाणीत असताना तिचा मोबाइल वाजला. अकोल्याहून तिचा भाऊ, विपुल. माणिकबाईंनीच उचलला.

"मावशी, आला का तो ग्राइंडर?"

"तुले कायची घाई रे? कॉफी प्याले येतं का?"

विपुल घुटमळला. ताईनं सांगितलं नाही वाटतं, म्हणाला, आणि मग सगळं बोलून गेला. ताईसाठी बार्शीटाकळीचा एक शिक्षक पाहिला आहे. बायको वारलेली. भला माणूस. "ताईचं म्हणणं, आखाजीले भाऊजींची कॉफी ठेवली की अकोल्याले येते. आता म्हणते, ग्राइंडरच भेटून नाही राहिला, यंदा नाही झालं तं पुढच्या आखाजीले. सालभर कोण थांबते, मावशी?"

माणिकबाईंनी विचारलं, "तिले पसंत हाय तो?"

"हाय ना. पण रडते. म्हणते, आईजवळ कोण राहीन?"

फोन ठेवून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. आवाज फार करते. गरम होते. रंग शोभत नाही. आणि आपण रोज तिच्या मागं लागलो, घे म्हणून, घे म्हणून.

गप्प राहणं सोपं होतं. आठवडाभर चक्कीचं नाव काढायचं नाही, एवढंच. मग वर्षभर घरात दोन ताटं वाढली गेली असती.

वर्षाली केस पुसत बाहेर आली.

"कोणाचा फोन होता, आई?"

"ते दोन चकत्यांवालं काढ."

"ते आवाज..."

"करू दे. घे."

वर्षालीनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. माणिकबाईंनी तिचं ओलं बोट धरलं, पदरानं पुसलं आणि पडद्यावर टेकवलं.

"आखाजीच्या आदल्या दिवशी ग्राइंडर येते, असं दाखवून राहिलं," वर्षाली कशीबशी म्हणाली.

माणिकबाई आत जायला वळल्या. दारापाशी थांबल्या. शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"लबाड हायेस तू. सासूले फसवणारी सून मले घरात नाही पाह्यजे. आखाजी झाली का अकोल्याले जाय."