एका दुपारचा नवरा

लागोसमध्ये एकट्या बाईला कोणी खोली देत नव्हतं, म्हणून इसोकेनने ऑफिसातल्या ओसाझेला एका दुपारपुरता नवरा बनवून सोबत नेलं. म्हातारा घरमालक कोलावोले खूश झाला. "नवरा बरोबर आहे, मग काळजी नाही. एकट्या बायका ठेवल्या की घराचा बाजार होतो," असं म्हणून त्याने किल्ली ओसाझेच्या हातात दिली. रस्त्यावर आल्याबरोबर इसोकेनने ती काढून घेतली.

काही आठवड्यांनी ती कामावरून परतली, तर ओसाझे बूट काढून तिच्या पलंगावर बसला होता आणि तिच्याच पातेल्यातला जोलोफ भात खात होता.

"तू आत कसा आलास?"

"घरमालक बाबांनी दार उघडून दिलं. नवरा ना मी तुझा?" हसत त्याने तिचं मनगट धरलं.

हात हिसडून ती अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याकडे धावली. "बाबा, याला आधी बाहेर काढा!"

"नवराबायकोच्या भांडणात मी पडत नसतो, पोरी."

"तो माझा नवरा नाही! खोटं बोलले मी. लग्नच झालेलं नाही माझं!"

म्हातारा ताडकन उठला. "एकटी आहेस? आणि माझ्या घरात राहतेस? आत्ताच्या आत्ता सामान उचल!"

मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या ओसाझेकडे वळून तो नरमाईने म्हणाला, "तुम्ही राहा, साहेब. एकट्या पुरुषाला माझी ना नसते."