दोन स्टार

शाळेच्या भित्तिपत्रकात माझी सिनेमाची परीक्षणं येऊ लागल्यापासून मी कशालाही स्टार द्यायचे, अगदी आईच्या पोह्यांनासुद्धा. आयर्लंडला शिकायला गेलेल्या तेजूताईने पहिला व्हिडिओ पाठवला. तिकडच्या दुकानात मिळालेली आपल्या निफाडची द्राक्षं दाखवत ती म्हणत होती, "मस्त आहे सगळं." मी लगेच घरच्या ग्रुपवर परीक्षण टाकलं : "कॅमेरा हलतो. नायिकेचे डोळे सुजलेले, मेकअपवाल्याला काढून टाका. 'मस्त आहे सगळं' हा डायलॉग तीनदा येतो, एकदाही पटत नाही. दोन स्टार." काका, आत्या हसून हसून बेजार झाले. पुढच्या व्हिडिओंत मात्र ताई अशी काही खुलली की मी तिला चार, मग चक्क पाच स्टार दिले.

जूनमध्ये ती शिक्षण अर्धवट सोडून परत आली. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. पहिल्या दिवसापासून तिकडे रोज रडायचे, असं तिने आईला सांगितलं.

"मग एकदा तरी बोलायचंस ना, ताई," मी म्हणाले.

माझी वेणी घालता घालता ती म्हणाली, "तू पहिल्याच व्हिडिओत पकडलं होतंस की गं. म्हणून तर मी अभिनय सुधारला."