मोकळी जागा

सातपूरच्या एका कारखान्याने स्वतःचा क्लाउड उभारला, तेव्हा नेटवर्क आणि स्टोरेजची मांडणी आफियाकडे आली. जागा कमी पडू लागली तसे साहेब म्हणाले, "कॅमेऱ्यांचं जुनं फुटेज उडवून टाका."

त्यातच कामगार रंगनाथ प्रेस मशीनमध्ये सापडून मेला, त्या दिवसाचं फुटेज होतं. कारखाना म्हणत होता, चूक त्याचीच. पण हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेली संरक्षक जाळी आधीच काढून ठेवलेली त्यात स्वच्छ दिसत होती.

आफियाने तेवढा भाग वेगळ्या स्टोरेजवर हलवला आणि बाकीच्या नेटवर्कपासून तोडून टाकला, तिच्याशिवाय कुणाला दिसू नये म्हणून. मग रविवारी ती निफाडला रंगनाथच्या बायकोकडे, नवसाबाईकडे गेली. "हे कोर्टात दाखवलं तर निकाल तुमच्याच बाजूने लागेल," तिने सांगितलं.

नवसाबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"पुसून टाका ते, ताई. सायबांनी माझ्या कुंदनला कामावर घेतलंय."

"कुठल्या कामावर?" आफियाने विचारलं.



"बापाच्याच मशीनवर हाय तो, कालपासून."