माझ्या जन्माचा अंक

दादाच्या जन्मावेळचं वर्तमानपत्र बाबांनी चौकटीत लावलं होतं. माझं घरात कुठेच नव्हतं. बाबा गेल्यावरही माझा हेवा गेला नाही.

तेराव्याला बाबांच्या छापखान्यातले दिघेकाका माझ्या जन्माचा अंक घेऊन आले. ‘पशुप्रदर्शनात पहिला, खुराक रोज बारा किलो’ या मथळ्याखाली मंत्री हसत होते. ‘पुलाचे उद्घाटन’ खाली हार घातलेला वळू.

“तुझा बाप प्रुफं तपासत होता. मुलगी झाल्याचा निरोप आला, तसा गडी सगळं टाकून पळाला! मालकांनी अंक जाळायला लावले. हा एक त्याने माझ्याकडे लपवायला दिला.”

मला रडतारडता हसू फुटलं.

दादा चौकट उतरवून ओळ न् ओळ वाचत होता. “माझ्या अंकात एकही चूक नाही,” तो हिरमुसून म्हणाला.