पुढच्या चाकांचा दांडा

"पेट्रोल गाडी पिते का तुम्ही पिता, नत्थूजी?"

मनोहरराव हे भर बाजारात बोलले, वीस हमालांच्या देखत. कॉटन मार्केटमधल्या त्यांच्या अडतीपुढे पिकअपमधून टरबुजं उतरत होती. नत्थूजींच्या हातातलं टरबूज हातातच राहिलं. अकरा वर्षं ते या घरची गाडी चालवत होते आणि अकरा वर्षांत त्यांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. पण चौऱ्याहत्तर साल होतं, पेट्रोलच्या भावाला आग लागली होती आणि ही जुनी फोर व्हील ड्राइव्हची पिकअप लिटरला जेमतेम सहा किलोमीटर जात होती. शेजारच्या अडत्याची तसलीच गाडी आठ देते, असं कुणीतरी मालकांच्या कानात सोडलं होतं. कान भरणाऱ्याला पेट्रोल लागत नाही.

"कुठंतरी पाणी मुरून राहिलं," मनोहरराव म्हणाले. "आठ दिवस देतो. अ‍ॅव्हरेज सुधरलं नाही, तर चावी ठेवून द्या."

चावीचं नत्थूजींना एवढं दुःख नव्हतं. ड्रायव्हरला चावी कुठंही मिळते. हमालांनी खाली घातलेल्या माना मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. घरी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"देवाची शपथ घ्या ना मालकापुढं," त्यांची बायको रुखमाबाई म्हणाली.

"शपथ कोण आयकते वं? आता गाडीच बोलन माह्याकडून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवराव मिस्त्रीला गाठलं. देवरावाने कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग घासले, चाकांत हवा भरली. एवढं करून सहाचे सव्वासहा झाले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच नत्थूजींच्या शेजारी बसला. कामठी रोडला लागल्यावर त्याची नजर खाली गियरपाशी गेली.

"नत्थूजी, हा पुढच्या चाकांचा दांडा टाकलेला काहून हाय? डांबरी रोडवर?"

"तो नेहमीच टाकलेला असते."

"नेहमी?"

नेहमीच. मनोहररावांचे वडील गणपतराव हयात होते, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच हंगामात, खापरखेड्यापुढे कन्हान नदीच्या रेतीत, टरबुजांच्या वाडीवर गाडी रुतली आणि नदीला अवचित पाणी आलं. म्हातारा टपावर बसून कसाबसा वाचला. हा दांडा टाकल्यावर पुढची चाकंही ओढायला लागली, तेव्हा कुठे गाडी बाहेर निघाली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. गणपतरावांनी त्या दांड्यावर हात ठेवून नत्थूजींना बजावलं, हा आता कधीच काढायचा नाही. हा जोर फक्त रेतीचिखलात लागतो, सडकेवर तो नुसता पेट्रोल खातो, हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. गाडी जड चालते, टायर लवकर झिजतात, हे नत्थूजींना समजत होतं. पण मालकाचा शब्द तो शब्द. म्हातारा जाऊन पाच वर्षं झाली, तरी शब्द जागचा हलला नव्हता. याला इमान म्हणा, खुळेपणा म्हणा. गरिबाच्या घरी ही दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात.

देवराव खोकला येईपर्यंत हसला. दांडा गंजून बसला होता, दोघांनी जोर लावला तेव्हा मागे सरून निघाला. गाडी मोकळी धावायला लागली. मग त्याने एक लिटर पेट्रोल मोजून बाटलीत भरलं, बाटली टपाला बांधली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. बाटली संपली तिथे गाडी थांबली. देवरावाने मीटर पाहिला.

"नऊ! घ्या नत्थूजी, हातच्या कांकणाले आरसा कायले?"

नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आठव्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते अडतीवर गेले. मालकांच्या हातानेच बाटलीत लिटरभर पेट्रोल मोजवलं, त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी काढली. पुन्हा नऊ भरले. परत येऊन गाडी अडतीपुढे लावली, तसे हमाल भोवती जमले. नत्थूजी शाबासकीची वाट पाहत स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

मनोहरराव रिकाम्या बाटलीकडे बघत होते.

"इंजिन खोललं का?"

"नाही, मालक."

"टायर बदलले?"

"तेच हायेत. एक सामान नवं नाही टाकलं," नत्थूजी अभिमानाने म्हणाले. "फक्त हा दांडा काढला. मोठ्या मालकांनं सांगतलं होतं, कधी काढू नको, म्हणून इतके वर्षं…"

"आबांवर ढकलू नका. ते काही आता सांगायले येत नाहीत. एका दांड्यानं कुठं एवढं पेट्रोल जाते?" मनोहररावांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे गाडी अकरा वर्षं नऊच देत होती. मंग लिटरामागं तीन किलोमीटरचं पेट्रोल कोणाच्या घरी जाऊन राहिलं होतं, नत्थूजी?"

हमालांनी पुन्हा माना खाली घातल्या. गाडी बोलली होती आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. नत्थूजींनी चावी काढून मालकांच्या हातात दिली.

उतरण्याआधी त्यांनी पुढच्या चाकांचा दांडा पुन्हा टाकला, मोठ्या मालकांनी सांगितला होता तसा.