नकार कुणाच्या नावावर

फोन ठेवून बेव्हर्लीने चष्मा काढला आणि पुसत बसली. नोरीनला तेवढ्यावरूनच कळलं.

"घर गेलं," बेव्हर्ली म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी जास्त बोली लावली. वाईट वाटतंय मला."

बेव्हर्ली हॅस्किन्सचा धंदा घरं दाखवायचा. गिऱ्हाइकाला उपाशीपोटी निकाल ऐकवायचा नाही असा तिचा नेम होता, म्हणून रविवारच्या दुपारी ती नोरीन आणि कर्टिसला या रस्त्याकडेच्या हॉटेलात घेऊन आली होती.

"छे," कर्टिस म्हणाला.

"छे," त्याची बायको नोरीनही म्हणाली, आणि तिने पॅनकेकचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की चेहरा काय बोलतोय ते कुणाला कळत नाही. खरं म्हणजे तिला सुटल्यासारखं झालं होतं.

ब्रायर ग्लेनमधलं ते घर तिला मुळातच आवडलं नव्हतं. तळघराला ओल, त्यांच्या मुलीच्या, जोलीच्या, खोलीला हातभरच खिडकी, आणि कर्टिसला कामावर बसडेपोत पोचायला तासभर. पण ओहायोतल्या त्या भागात घर ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीची. ब्रायर ग्लेनच्या शाळांना इंटरनेटवर दहापैकी नऊ गुण होते. ही माणसं आज राहत होती त्या वेस्टलॉकच्या शाळांना पाच. ते कुणी दिले आणि काय बघून दिले, देव जाणे, पण पोरंबाळं असलेल्या प्रत्येकाला ते पाठ होते. कर्टिसची बहीण ग्वेन तर भर जेवणात म्हणाली होती, "पाच? अगं, पाच गुणांच्या हॉटेलात कुणी जेवायलासुद्धा जात नाही, आणि तुम्ही पोरीला तिथे घातलंय?"

जोली सात वर्षांची होती. सुरुवातीला शाळेच्या दारात हंबरडा फोडायची. आता दार दिसलं की आईचा हात सोडून आत पळते, मागे वळूनही बघत नाही. हे नोरीनने ग्वेनला सांगितलं नाही. असल्या गोष्टीला गुण मिळत नाहीत.

आणि ते घर नकोय, हे तिने कर्टिसलाही सांगितलं नव्हतं. जो नको म्हणेल, त्याच्याच डोक्यावर जन्मभर खापर फुटणार. उद्या पोरगी कशात मागे पडली, की बोट दाखवायला माणूस तयार. त्यापेक्षा घर आपणहून गेलं हे किती बरं झालं.

तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. कर्टिस कॉफीत साखर ढवळत होता आणि बारीक शीळ घालत होता. आपण शीळ घालतोय हे ध्यानात आल्यावर तो थांबला आणि पुन्हा एकदा "छे" म्हणाला.

तेवढ्यात फोन परत वाजला. बेव्हर्लीने "हो, हो" करत ऐकून घेतलं, मग फोनवर हात ठेवला. "त्या माणसाने माघार घेतली. घर तुमचं. पण हो का नाही ते त्यांना आत्ताच्या आत्ता हवंय."

 नोरीनच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"तू सांग," कर्टिस म्हणाला.

"तू सांग," नोरीन म्हणाली. मग तिने बेव्हर्लीकडे मोर्चा वळवला. "तुम्ही काय केलं असतं? खरी चांगली शाळा कुठली?"

"ते सोडून काहीही विचारा. छप्पर गळतं का विचारा. शाळा बरी की वाईट हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं, तर कायद्यात अडकते."

नोरीनने घास गिळला. कर्टिस चमचा हातात धरून तिच्याकडे बघत होता. हा इतका भला माणूस. याला जन्मभर कुणाची बोलणी खाऊ द्यायची नाहीत, असं तिला एकदम वाटलं, आणि मग तिला बोलणं सोपं गेलं.

"नको," ती म्हणाली. "आम्हाला ते घर नको. आणि हे मी म्हणतेय, कर्टिस नाही."

"वा गं वा. मी म्हणतोय," कर्टिस म्हणाला. "मला ते घर पहिल्या दिवसापासून नको होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"ते राहू दे. जोलीने उद्या विचारलं, तर आईने नको म्हटलं असं सांगायचं."

"बापाने म्हटलं. आई पॅनकेक खात होती."

नोरीनला हसू फुटलं ते आवरेचना. शेवटी तिने रुमालाने डोळे पुसले. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती, आणि कर्टिसही नाही.

बेव्हर्लीने फोनवर नकार कळवला. फोन पर्समध्ये टाकला आणि कर्टिसच्या ताटलीतला बेकनचा तुकडा न विचारता उचलला.

"आता तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही, म्हणून सांगते," ती म्हणाली. "माझा मोठा ब्रायर ग्लेनच्या शाळेत शिकला. मग माझा घटस्फोट झाला, मी वेस्टलॉकला आले, आणि धाकटी इथल्या शाळेत शिकली."

"मग?" दोघांनी एकदमच विचारलं.

"मग काय? दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं घरी येतात, चुकीच्या शाळेत घातलंस म्हणून दोघंही मला बोल लावतात, आणि तिसऱ्यांदा टर्की वाढून घेतात."